कबुतरं पारखायला नैरोबीला

लग्न होऊन मी अंबरनाथ पश्चिमेच्या घरात आले तेव्हा गच्चीवर माझ्या आधीपासून नांदणारी मंडळी होती. लाकडी फळ्या आणि जाळी ठोकून ह्यांनी तिथे कबुतरांची ढाबळ केली होती. पहाटेपासून तिच्यातून घुमणं सुरू व्हायचं ते दिवस मावळेपर्यंत. मला कबुतरं कधीच आवडली नाहीत. त्यांची शीट, ती पिसं, वाळत घातलेल्या साड्यांवर बसणारी ती पांढरी भुकटी. पण हे कारखान्यातून आले की चहाचा कप घेऊन थेट वर जायचे आणि तासभर खाली यायचे नाहीत. दुसऱ्या बायकांचे नवरे पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचे, माझा गच्चीवर. यात रडण्यासारखं काही नव्हतं.

हे कारखान्यात तपासणी विभागात होते. धातूचे सुटे भाग हातात घ्यायचे आणि मापात आहेत की नाहीत ते बघायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. कबुतरांकडेही ते तसंच बघायचे. ढाबळीत दोन जातींची पाखरं होती. एक गिरेबाज, उंच आभाळात जाऊन गिरक्या घेणारे, कुठेही सोडलं तरी घरी परत येणारे. दुसरे लक्के. पांढरेशुभ्र, छाती पुढे काढून, मान मागे टाकून चालणारे, आणि शेपटी अशी की उघडलेला जपानी पंखाच. लक्क्याला धड उडता येत नाही. तो फक्त बघण्यापुरता. त्याच्या शेपटीतलं एक पीस वाकडं असलं तरी ह्यांना खपायचं नाही.

उल्हासनगर, कल्याण, भिवंडी इकडे कबुतरांची प्रदर्शनं भरायची. सुरुवातीला हे स्वतःची पाखरं घेऊन जायचे, मग हळूहळू परीक्षक म्हणून बोलावणी यायला लागली. उल्हासनगरला कॅम्पात कापडाचं दुकान असलेले एक सिंधी शेठ होते. तेच प्रदर्शन भरवायचे, सगळा खर्च त्यांचा, आणि एका वर्षी ह्यांनी त्यांच्याच लक्क्याला दुसरा नंबर दिला. शेठ दोन महिने बोलले नाहीत. मग एक दिवस मिठाईचा खोका घेऊन घरी आले आणि म्हणाले, "साईं, मैंने फिर से देखा. त्याची मान खरंच आखूड आहे." त्या दिवसापासून शेठ घरचे झाले.

त्याच शेठनी नैरोबीची गोष्ट आणली. नव्वद साल उलटून गेलं होतं. शेठचे मोठे चुलतभाऊ फाळणीनंतर इकडे न येता आफ्रिकेत गेले होते, नैरोबीत त्यांचं मोठं दुकान होतं, आणि हा नाद त्या घराण्याच्या रक्तातच असावा, कारण तेही तिथल्या कबुतरवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष होते. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात भारतातल्या जाती पुष्कळ यायच्या, आणि परीक्षक मात्र दरवर्षी गोरा. त्याला लक्का म्हणजे काय ते कळत नाही अशी सगळ्यांची तक्रार होती.

"तुम्ही फक्त हो बोला," शेठ ह्यांना म्हणाले. "तिकीट क्लब देणार. राहणं-खाणं भावाच्या घरी. आणि काम झालं की जंगल. शेर, हाथी, जिराफ, सब कुछ. भाभींना पण घेऊन जा."

"मला कशाला?" मी म्हणाले.

"अगं, चल," हे म्हणाले. "कधी म्हणून कुठे गेलो नाही आपण."

मला वाटलं होतं हे नको म्हणतील. कल्याणच्या पलीकडे जायचं तरी ह्यांना पाखरांची चिंता पडायची. पण ह्यांनी शेठना तिथल्या तिथे हो सांगितलं, आणि मला नवल वाटलं. का सांगितलं ते मला पुढे कळलं.

मग धावपळ सुरू झाली. पासपोर्ट, कारखान्याची परवानगी, मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची सुई. ती टोचून घेताना ह्यांचा दंड सुजला आणि मला दोन दिवस कणकण आली. मुलगा पुण्याला शिकायला होता, म्हणून पाखरांसाठी माणूस बघायला लागला. बदलापूरजवळ सोनिवलीला ह्यांचे एक आगरी मित्र होते, भाताची शेती करायचे आणि दारात गिरेबाज पाळायचे. ते रोज येऊन दाणापाणी बघायला तयार झाले. मी त्यांना दाण्याचे डबे दाखवायला लागले तर हसून म्हणाले, "वहिनी, तुमी निसत्या जावा. पाखरांचा मला नका सांगू. मी हाय ना."

माझं तिकीट आम्ही साठवणीतून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होतो.

जाण्याआधीच्या त्या दिवसांत हे जरा वेंधळ्यासारखे करायचे. ताटाशेजारचं पाण्याचं भांडं हात लागून सांडायचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. एकदा स्टेशनच्या पुलावर समोरून येणाऱ्या बाईच्या पिशवीला अडकले आणि तिने चार शब्द सुनावले. मी म्हणायचे, "लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि हे म्हणायचे, "नैरोबीत." आम्ही दोघंही हसायचो.

नैरोबीला उतरलो तर चक्क थंडी. आफ्रिका म्हणजे भट्टी, अशा समजुतीने मी पातळ साड्याच घेतल्या होत्या. अध्यक्षांच्या घरच्या सूनबाईंनी पहिल्याच दिवशी मला स्वतःचा स्वेटर दिला, तो मी परतीच्या दिवशीच अंगातून काढला. अध्यक्ष सत्तरीचे, बुटके, फार प्रेमळ. ते हिंदी बोलायचे, पण मधेच सिंधी, मधेच तिथली स्वाहिली. त्यांच्या मागच्या अंगणात ढाबळ होती, आणि हे तिच्यात शिरले ते जेवायची वेळ टळली तरी बाहेर येईनात. एकेक पाखरू हातात घ्यायचं, डोळ्यांसमोर अगदी जवळ धरायचं, बोटांनी शेपटी उलगडायची. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐसे देखनेवाला आदमी हमने नहीं देखा." मला अभिमान वाटला.

प्रदर्शन एका शाळेच्या लांबलचक हॉलमध्ये होतं. भिंतीलगत टेबलं, टेबलांवर तारेचे पिंजरे, एकाला एक लागून. बघायला आलेल्या लोकांत आपले गुजराती, सिंधी, पंजाबी होते, काही गोरे होते, आणि तिथले आफ्रिकन लोकही पुष्कळ होते. ह्यांनी लग्नात शिवलेला कोट घातला होता. एक गोऱ्या बाई हातात कागद घेऊन ह्यांच्या मागे उभ्या राहिल्या. हे नंबर सांगणार आणि त्या लिहिणार. बाकी सगळ्यांना दोरीच्या अलीकडे थांबवलं होतं. अध्यक्षांनी सर्वांना बजावून सांगितलं, परीक्षा चालू असताना परीक्षकाशी कोणीही बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, नाहीतर तो वर्गच रद्द. हे ह्यांचेही नेहमीचेच नियम होते. उल्हासनगरला तर शेठ खोकले तरी ह्यांना राग यायचा.

लक्क्यांचा वर्ग सगळ्यात मोठा होता. हे एकेका पिंजऱ्यासमोर थांबायचे, वाकायचे, लहान छडीने पाखराला जरा चालवायचे, मग आत हात घालून बाहेर काढायचे. ओळ उजवीकडून डावीकडे चालली होती. शेवटी टेबल संपलं होतं, आणि एक पिंजरा उरला म्हणून कोणीतरी तो डाव्या हाताला, भिंतीच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला होता. मी दोरीच्या त्याच टोकाला उभी होते. माझ्या शेजारी एक म्हातारे आफ्रिकन गृहस्थ होते. अंगावर जुना पण इस्त्रीचा कोट, हॅट काढून छातीशी धरलेली. पिंजरा त्यांचाच असावा, कारण त्यांची नजर दुसरीकडे कुठे जात नव्हती.

हे टेबलावरच्या शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत आले. त्यातलं पाखरू बघितलं. ठेवलं. सरळ उभे राहिले, कोटाची बाही झटकली, आणि वळून परत गेले.

मला वाटलं परत येतील. हे ओळीच्या मध्यावर गेले, आधी बघितलेल्यांपैकी तीन पाखरं पुन्हा काढली आणि बाईंना नंबर सांगायला लागले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हॅट या हातातून त्या हातात घेतली. मी ह्यांच्याकडे बघत राहिले, हे एकदा तरी माझ्याकडे बघतील म्हणून. बघितलं असतं तरी मी काय करणार होते? बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. कागदवाल्या बाईंनी त्या स्टुलाकडे एकदा बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि खांदे उडवले. त्यांना वाटलं असणार, साहेबांना पाखरू लांबूनच पटलं नाही. मीही स्वतःला तेच सांगितलं. पण ह्यांच्यासारखा माणूस पाखराला हात लावल्याशिवाय नापास करत नाही, हे मला पंचवीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

बक्षिसं वाटून झाली. टाळ्या झाल्या. चहा सुरू झाला तेव्हा ते गृहस्थ अध्यक्षांना घेऊन ह्यांच्यापाशी आले. अध्यक्ष दुभाष्याचं काम करत होते.

"ये पूछ रहे हैं, इनके पक्षी में क्या कमी थी? अगले साल सुधारेंगे."

"कौनसा पक्षी?" ह्यांनी विचारलं.

गृहस्थांनी कोपऱ्याकडे हात केला. ह्यांनी मान वळवली, बरीच वळवली, आणि मग तो पिंजरा त्यांना दिसला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यावरचा रंग उतरला. ते चालत गेले, पिंजरा उघडला आणि पाखरू बाहेर काढलं.

कितीतरी वेळ त्यांनी ते हातात धरलं होतं. शेपटी उलगडली, मिटली. मानेवरून अंगठा फिरवला. आणि मग सांगायला लागले. शेपटी कशी ताटासारखी गोल आहे, पिसं कशी एकावर एक बसली आहेत, छाती कशी वर आहे, डोकं कसं बरोबर पाठीवर टेकतं. अध्यक्ष स्वाहिलीत सांगत होते आणि गृहस्थांचा चेहरा उजळत चालला होता. शेवटी हे म्हणाले, "आज हॉलमध्ये याच्यासारखा दुसरा नव्हता."

तेही अध्यक्षांनी सांगितलं. गृहस्थ हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी दोनच शब्द विचारले. अध्यक्षांनी ते काही हिंदीत केले नाहीत. करायची गरजच नव्हती.

हे म्हणाले, "निकाल बदलता येईल का?"

"साहब, कप दिया जा चुका है," अध्यक्ष हळूच म्हणाले. "पहला आनेवाला आदमी घर भी चला गया. जाने दीजिए. हारने की आदत होती है लोगों को."

गृहस्थांनी पाखरू ह्यांच्याकडून घेऊन आपल्या टोपलीत घातलं, वरून फडकं बांधलं, ह्यांच्याशी हात मिळवला आणि हॅट डोक्यावर ठेवून गेले. त्यांची शहराबाहेर डोंगराकडे भाजीची शेती आहे, दरवर्षी ते बसने येतात, असं अध्यक्ष सांगत होते. हे ऐकत नव्हते. मी विचारलं, "दमलात का?" तर "हो" म्हणाले.

दोन दिवसांनी आम्ही जंगलात गेलो. पाच-सहा तासांचा रस्ता, वर टप उघडणारी गाडी. गाडीत आम्ही दोघं, एक गुजराती जोडपं आणि चालक. चालक हसतमुख होता, इंग्रजीत सावकाश बोलायचा, म्हणजे मला कळायचं. शाळेत शिकवत असल्यामुळे मला इंग्रजी वाचता यायचं, बोलायला मात्र जीभ जड.

ते माळरान बघायला मी टपातून डोकं बाहेर काढलं. आपल्याकडे डोंगर तरी असतो नजर अडवायला. इथे मलंगगड नाही, टवलीचा डोंगर नाही, काही नाही. पिवळं गवत आणि त्याच्यावर आभाळ. झेब्रे इतके, की आपल्याकडे बाजाराच्या दिवशी बकऱ्या असतात तसे. मी लहान मुलीसारखी ओरडायला लागले.

"अहो, बघा ना!"

"बघतोय."

"कुठे बघताय? इकडे!"

चालकाने गाडी थांबवली आणि एका काटेरी झाडाकडे बोट दाखवलं. "सिंबा." सिंह. झाडाखाली सावलीत एक सिंहीण आणि तिच्यामागे अंग टाकून पडलेला सिंह. गुजराती बाई कुजबुजत नवऱ्याला चिकटली. हे उभे होते, दोन्ही हातांनी टपाची कड धरून, समोर बघत. झाड होतं डावीकडे.

"दिसला?" मी विचारलं.

"हां."

"किती आहेत?"

चालकाने दुर्बीण दिली. ह्यांनी ती डोळ्याला लावली आणि कुठेतरी तिसरीकडेच फिरवत राहिले. मी त्यांची मान दोन्ही हातांत धरून वळवली, जशी शाळेत पहिलीच्या मुलांची फळ्याकडे वळवते. "ते काटेरी झाड. त्याच्या बुंध्याशी. खाली या. आता डावीकडे." तेवढ्यात सिंहीण उठली, चार पावलं टाकून गवतात शिरली आणि गवतासारखीच होऊन गेली.

"गेली," चालक म्हणाला.

"छान होती," हे म्हणाले.

मी त्यांच्या हातातून दुर्बीण काढून चालकाला परत दिली.

दुपारी नदीकाठी गाडी थांबली. तिथे उतरायला परवानगी होती. खाली पाण्यात पाणघोडे पडले होते, काठावर बसायला दगड होते. सूनबाईंनी ठेपले आणि ब्रेड बांधून दिले होते. हे दगडावर बसून ब्रेड खात होते. डाव्या बाजूने एक बबून माकड आलं. कुत्र्यासारखं तोंड, अंगाने चांगलं दांडगं. ते काही झडप घालून आलं नाही. आरामात चालत आलं, सगळ्यांनी बघितलं, गुजराती गृहस्थ "अरे, अरे" म्हणाले. ह्यांच्या अगदी जवळ येऊन त्याने हात लांब केला आणि ब्रेड ओढून नेला.

हे इतके दचकले की दगडावरून खालीच पडले. सगळे हसले. चालक हसला, ती बाई तर डोळे पुसत हसली. त्यांना काय ठाऊक! मी उठून ह्यांना धरून पुन्हा दगडावर बसवलं.

"कुठून आलं ते?" त्यांनी मला विचारलं.

"डावीकडून. चांगलं चालत आलं, अहो."

"मला नाही दिसलं."

बाकीचे पाणघोडे बघायला पुढे गेले. आम्ही तिथेच बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी वाटलं चष्म्याचा नंबर बदलला."

"काय होतं नेमकं?"

"समोर धरलं की दिसतं. अगदी केसन् केस दिसतो. बाजूचं कुठे जातं कळत नाही. काळोख नाही होत. नसतंच ते. गच्चीवरून गिरेबाज सोडले की मला एकच दिसतो, मग तोही हरवतो."

"डॉक्टरकडे गेला होतात?"

"नाही."

"का?"

"बाबांचं असंच झालं होतं. तू बघितलं नाहीस त्यांना. शेवटी भिंतीला हात लावून चालायचे. गावात सगळे मोतीबिंदू म्हणायचे. मोतीबिंदू नव्हता तो. डॉक्टर मला काय सांगणार ते ठाऊक होतं. त्यांनी सांगून टाकलं असतं तर इथे आलो नसतो. दिसतंय तोवर एकदा यायचं होतं."

मला भयंकर राग आला. रडूही आलं. दोन्हीला ती जागा बरोबर नव्हती. चालक हाका मारत होता, गाडी सुटायची होती. मी ह्यांच्या पॅन्टची माती झटकली.

"त्या माणसाचा पिंजरा..." हे म्हणाले.

"मी तिथेच उभी होते," मी म्हणाले. "मला बोलायची बंदी होती."

त्या दुपारपासून दुसऱ्या दिवशी परत निघेपर्यंत मी ह्यांच्या कानाशी बोलत राहिले. हत्ती ह्यांना दिसले, म्हणजे एकेक तुकडा दिसला. कान दिसला, मग मी मान वळवली की सोंड दिसली. जिराफ खालून वर बघितला. बाकीचं मी सांगायचे. पण मला त्या प्राण्यांची नावं कुठे येत होती! चालक इंग्रजीत नाव सांगायचा आणि मी म्हणायचे, "आपल्या हरणासारखं, पण शिंगं पिळलेली," "कोल्ह्याच्या चेहऱ्याचं, कान मोठे." मी माझ्यासाठी बघायचंच विसरले. चित्ता दिसला तेव्हा त्याची पिल्लं किती हे मी सांगत बसले, आणि तो धावला कसा ते मला आता आठवतसुद्धा नाही. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधेच म्हणायचे, "सावकाश सांग."

नैरोबीला परत आल्यावर ह्यांनी अध्यक्षांना विचारलं, त्या गृहस्थांच्या घरी जाता येईल का. विमान दुसऱ्या दिवशी होतं. गाव लांब, रस्ता पावसाने खचलेला. अध्यक्षांनी प्रयत्न करतो म्हटलं, फोन केले. त्या गावात फोनच नव्हता. आम्ही विमानात बसलो.

घरी पोचलो तर आठवडाभर लोकांची रीघ. ह्यांच्या कारखान्यातले, माझ्या शाळेतले, शेठ तर सहकुटुंब. सगळ्यांना सिंहाची गोष्ट हवी होती. आणि हे सांगायचे! काटेरी झाड, त्याच्या बुंध्याशी सिंहीण, मागे अंग टाकून पडलेला सिंह. गवतात शिरली आणि गवतासारखी झाली. माझेच शब्द, पण माझ्यापेक्षा छान सांगायचे. मी आत चहा ओतत ऐकत असायचे. शेठ म्हणाले, "भाभी, आपने भी देखा ना?" मी म्हटलं, "हो, बघितला."

लोकांचं येणं थांबल्यावर मी ह्यांना ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर वयाने लहान होते, बोलायला मऊ. त्यांनी कागदावर ह्यांच्या नजरेचं चित्र काढून दाखवलं. मध्ये थोडीशी पांढरी जागा, बाजूला सगळं शिसपेन्सिलीने काळं केलेलं.

"गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेली राखायची. थेंब नियमित घालायचे, चुकवायचे नाहीत."

"आधी आलो असतो तर?" मी विचारलं.

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "काकू, आता आलात ते बरं केलंत."

थेंब मी चुकवले नाहीत. शाळेतून मधल्या सुट्टीत रिक्षा करून घरी यायचे, घालायचे, परत जायचे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तरीही ती पांढरी जागा आक्रसत गेली. दर काही महिन्यांनी डॉक्टर नवं चित्र काढायचे आणि मला ते बघवायचं नाही. काय करायचं राहिलं, हे मी त्यांना दर वेळी विचारायचे. काही राहिलेलं नसायचं. आपण सगळं करायचं आणि ते आपल्याला न जुमानता चालत राहणार, असं दुखणं होतं ते. ह्यांनी नोकरी मुदतीआधी सोडली. शेठनी पुढच्या वर्षी प्रदर्शनाला बोलावलं तेव्हा हे गेले नाहीत. शेठना खरं सांगायला मीच गेले होते, आणि तो भला माणूस दुकानात गिऱ्हाईक उभं असताना रडला.

गच्चीचा जिना ह्यांना झेपेनासा झाला तेव्हा ह्यांनीच पाखरं द्यायचं ठरवलं. सोनिवलीचे मित्र टोपल्या घेऊन आले. हे ढाबळीत शिरले आणि एकेक पाखरू स्वतः धरून त्यांच्या हातात देत राहिले. कोणतं कुठे बसतं ते ठाऊकच होतं. मित्र खाली मान घालून टोपल्या बांधत होते. जाताना मला एवढंच म्हणाले, "वहिनी, कवा पन आना त्यांना. जीप पाठवतो."

लक्के तिकडे रमले. गिरेबाज कसले रमतात! चार दिवस कोंडून ठेवले, सोडल्याबरोबर अंबरनाथला हजर. ढाबळ आम्ही मोडली होती, फळ्या विकल्या होत्या. ती पाखरं कठड्यावर येऊन बसायची आणि जिथे दार होतं तिथे बघत राहायची. मित्र येऊन घेऊन जायचे, ती परत यायची. पंख कापायला ह्यांनी नाही म्हटलं. मी हाकलून बघितलं, तर गच्चीला एक फेरी मारून तिथेच. खालच्या खोलीत ह्यांना पंखांचा आवाज यायचा आणि हे खाटेवर उठून बसायचे.

"किती आलेत?"

"तीन."

"तो खैरा आहे का?"

मला त्यांचे रंग कुठे कळतात! मी म्हणायचे, "आहे वाटतं."

असं बरेच महिने चाललं. मग त्यांचं येणं कमी झालं. एका सकाळी एकच पाखरू कठड्यावर बसलेलं दिसलं, अंग फुगवून, दमलेलं. हाताला आपणहून लागलं. मी ते खाली नेऊन ह्यांच्या ओंजळीत ठेवलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कबूतर हातात घेतलं होतं. त्याचं काळीज इतकं जोरात उडत असतं हे मला माहीत नव्हतं.

ह्यांनी त्याची मान चाचपली, पंख ताणून बघितला, छातीचं हाड बोटाने मोजलं.

"हा आपला नाही," ते म्हणाले. "कुणाचा तरी वाट चुकलेला आहे."

"मग काय करायचं?"

"काय करणार? पाणी दे त्याला."